बंगला 1963 चा, दुरुस्ती वरून खाली

सुरुवात गच्चीवरून करायची. हॉलची फरशी कितीही मळकी दिसो, घरातलं कार्य कितीही तोंडावर आलेलं असो. 2004 साली मी नेमकं उलटं केलं. पुतणीचं केळवण आमच्याकडे होतं, म्हणून मे महिन्यात हॉलच्या मोझॅकला पॉलिश करून घेतलं. आठ दिवस घरभर मशीनचा आवाज आणि पांढरी राड. फरशी अशी चमकली की सासूबाई म्हणाल्या, "आता हिच्यात बघून वेणी घालता येईल." जुलैत हॉलच्या छताला ओल धरली आणि एका रात्री परातीएवढा पोपडा त्या चमकदार फरशीवर येऊन पडला. मग गच्चीचं काम काढलं. त्याची घमेली, वाळू आणि विटांचे तुकडे त्याच हॉलमधून, त्याच जिन्याने वर गेले. तेव्हा पडलेले दोन टवके अजून आहेत. त्यांच्यावर आम्ही खुर्ची ठेवतो.

तेव्हापासून क्रम ठरला: गच्ची, छज्जे, छत, खिडक्या, भिंती आणि सगळ्यात शेवटी फरशी. पाणी ज्या वाटेने घरात उतरतं त्याच वाटेने माणसानेही उतरायचं.

घराबद्दल थोडं सांगते, म्हणजे तुमच्या घराशी ताडून बघता येईल. माझे सासरे, अण्णा, पुण्यात नारायण पेठेत एका वाड्यात भाड्याने राहत. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि वाड्याची मागची बाजू बसली. एरंडवण्यातला प्लॉट आधीच घेतलेला होता, तिथे 1963 मध्ये हे घर उभं राहिलं. नकाशात जोतं 2.5 फुटांचं होतं. अण्णांनी ते तांबड्या पेन्सिलीने खोडून 3.5 केलंय. पूर पाहिलेल्या माणसाने केलेली दुरुस्ती आहे ती. आर्किटेक्ट मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेला तरुण मुलगा होता. चंडीगडचं काम सुरू होऊन दहाएक वर्षं झाली होती, ते शहर आखणारा ल कॉर्बुझिए हे नाव त्या पिढीच्या तोंडी होतं, आणि आपल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपिअस या नव्या वास्तुकलेच्या मोठ्या गुरूकडे शिकून येऊन इथे मोठमोठ्या संस्थांच्या इमारती उभारत होते. त्या वाऱ्याचं छोटंसं घरगुती रूप म्हणजे आमचं घर: सपाट गच्ची, लांब आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, पोर्चला दोन तिरके लोखंडी पाइप. वास्तुशांतीला आलेले नातेवाईक म्हणाले होते, पेट्रोल पंपासारखं दिसतंय.

आमच्या ओंकारला कॉलेजात असताना गेल्या शतकाच्या मध्यातल्या या शैलीसाठीचा 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' हा शब्द सापडला. त्याने तो कौतुकाने आजीला सांगितला. आजी म्हणाली, "आम्ही त्याला सिमेंटची टंचाई म्हणायचो."

ती थट्टा असली तरी दुरुस्ती करणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी. सिमेंटवरचं नियंत्रण 1982 मध्ये अंशतः आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं. त्याआधी परमिटावर मिळालेली पोती जपून वापरायची, म्हणजे आधी स्लॅबला आणि उरली तर बाकी कामाला. त्यामुळे अशा घरांत भिंतींची जुडाई आणि आतला गिलावा बऱ्याचदा चुन्याचा असतो. कपाटामागे कुठेतरी किल्लीने खरवडून बघा. भुसभुशीत पांढरट भुगा पडला तर चुना, किल्लीच घसरली तर सिमेंट. हे आधी कळलं नाही तर पुढे भिंतींचं फार वाईट होतं. तिकडे येतेच.

गच्ची

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन वर जा. चहा नंतर. पाणी कुठे साचतं, कोणत्या कोपऱ्यातून उशिरा निघतं, ते खडूने नाही, ऑइल पेंटने खूण करून ठेवा, कारण काम निघेल ते दिवाळीनंतर आणि तोवर खडू राहत नाही. उतार शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. पावसाळी पाइपाचं तोंड आंब्याच्या पानांनी तुंबतं. आमच्याकडे जूनपासून दर रविवारी ते साफ करण्याचं काम ओंकारच्या मुलीकडे, ईराकडे आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि दर खेपेला दहा रुपये घेते. गच्चीच्या दुरुस्तीच्या खर्चाशी तुलना करता हा व्यवहार मला परवडतो.

कठड्याच्या सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा. पान देखणं असतं हे मलाही मान्य आहे.

मग हातोडीचा लाकडी दांडा घेऊन सगळी गच्ची ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथे कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, सुटलेला आहे. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: गळती लागली की लोक जुन्यावर नवा थर टाकतात. आमच्याकडे मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा होता, त्यावर 1978 चा चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर), त्यावर 1995 चा आणखी एक कोबा. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे, त्यामुळे एके दिवशी बसून हिशेब केला. एक इंच कोबा म्हणजे दर चौरस फुटाला साधारण 4.5 किलो. वरचे जास्तीचे थर मिळून 4 इंच, गच्ची 600 चौरस फूट. जवळपास 11 टन! अण्णांच्या स्लॅबने हे ओझं नऊ वर्षं मुकाट्याने वाहिलं. रात्री मी नवऱ्याला उठवून हा आकडा सांगितला, तेव्हा तो म्हणाला, "आत्ता काय करू? खाली जाऊन हात लावू?"

तर, जुने थर काढूनच नवा टाका. काढताना मोठा ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडी पुरते. कामगार कुरकुरतात. कुरकुरू द्यावं. स्लॅब उघडा पडला की भेगा भरायच्या, मग कोबा, आणि स्लॅब व कठडा जिथे मिळतात तिथे गोलाई द्यायची. गवंडी तिला वाटा म्हणतात. काटकोनात पाणी मुरतं, वाट्यावरून ते घसरतं. शेवटी पाणी बांधून किमान सात दिवस कोबा ओला ठेवायचा. आम्ही वर पुन्हा पांढऱ्या तुकड्यांचा चायना मोझॅक केला. एप्रिलमध्ये वरच्या खोलीत पंखा आता गरम हवा फेकत नाही.

पाण्याची टाकी आणि सोलरचे पाय स्लॅबच्या मधोमध नकोत. खाली भिंत असेल त्या रेषेवर घ्या, आणि बोल्टसाठी गच्चीला भोक पाडू देऊ नका. आमच्या सोलरवाल्याने मी भाजी आणायला गेले तेवढ्यात चार पाडली होती.

छज्जे

आमच्या घराला चेहरा आहे तो छज्ज्यांमुळे, आणि सगळ्यात आधी मरतात तेही छज्जेच. कारण ते पातळ असतात, जेमतेम 3 इंच, आणि एकाच बाजूने भिंतीत अडकलेले. अशा लोंबत्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असते. म्हणजे छज्ज्यावर पाणी साचलं की ते थेट त्या सळईच्या डोक्यावर बसतं. खालून रंग कितीही छान दिसला तरी शिडी लावून वरून बघा.

छज्ज्यावर काहीही ठेवायचं नाही. कुंड्या नाहीत, एसीचं बाहेरचं यंत्र तर अजिबात नाही. रंगाऱ्यालाही त्यावर उभं राहू देऊ नका.

खालच्या बाजूने, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच असते. तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. पावसाचं पाणी छज्ज्याची कड उतरून खालच्या अंगाने भिंतीकडे सरपटू लागतं, त्या खाचेशी अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. दर दहा वर्षांनी रंगारी येतो आणि 'सफाईदार' दिसावं म्हणून ती खाच लांबीने (पुट्टीने) भरून टाकतो. मग आपण म्हणतो, खिडकीच्या वर ओल का येते? रंगकाम सुरू होण्याआधी मी आता सगळ्या खाचांत सुतळी दाबून ठेवते. काम संपलं की ओढून काढते. ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि तिचा मला अभिमान आहे.

छज्जा तोडण्याआधी किंवा त्याच्यापुढे फायबरचा पत्रा लावण्याआधी वर्षभर थांबा आणि ऊन बघा. पुण्यात मे महिन्याच्या मध्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर 2 फुटांचा छज्जा असला की उन्हाची तिरीपही आत येत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच असतो, आणि तोच छज्जा त्याला हॉलमध्ये 3 फूट आत येऊ देतो. दरवर्षी 22 डिसेंबरला ईरा फरशीवर उन्हाची कड खडूने आखते आणि सासूबाई बरोबर त्या पट्ट्यात खुर्ची टाकून गहू निवडतात. त्या 88 वर्षांच्या आहेत. त्यांना कोन कोणी शिकवला नाही, त्यांच्या पायांना तो माहीत आहे.

पश्चिमेचं ऊन मात्र छज्ज्याने अडत नाही, ते तिरकं येतं. म्हणून त्या बाजूला सिमेंटची जाळी आहे. ती जाळी काचेने बंद करू नका. आमच्या समोरच्यांनी केली, आता त्यांच्या जिन्यात पापड वाळवता येतील. जाळीची झीज झाली तर तुटलेली एकच चौकट लाकडी साचा करून पुन्हा ओतता येते. आम्ही बारा ओतल्या, त्यातल्या पहिल्या तीन वाकड्या आल्या. त्या बागेत मोगऱ्याला टेकू म्हणून आहेत.

छताचे पोपडे

आता जरा गंभीर. छताचा पोपडा पडून आत तांबूस सळई दिसली की गवंडी म्हणणार, "काकू, वरून प्लास्टर मारून देतो, दिसणारसुद्धा नाही." दिसणार नाही हे खरं आहे. आत ते चालूच राहील.

काँक्रीट तरुण असतं तेव्हा ते अल्कधर्मी असतं आणि त्यात सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो अल्कपणा बाहेरून आत असा संपत जातो. तो सळईपर्यंत संपला आणि त्यात ओल पोचली की गंज. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी एक ताजा टवका काढून त्यावर बाटलीतून काहीतरी फवारलं. आतला भाग गुलाबी झाला, बाहेरचा पाऊण इंच तसाच राहिला. मी ओरडलेच, "फिनॉल्फ्थॅलीन!" अल्क भेटलं की गुलाबी होणारं रसायन ते. तीस वर्षं प्रयोगशाळेत मुलांना तो रंग दाखवला, आणि तो माझ्याच छतात निघाला. जिथवर गुलाबी, तिथवर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय.

दुरुस्ती अशी: सुटं काँक्रीट काढायचं, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं. सळई तारेच्या ब्रशने लोखंड चमकेपर्यंत घासायची. त्यावर गंजरोधक झिंक प्रायमर. मग जुन्या-नव्याला धरणारा थर आणि पॉलिमर मिसळलेला मसाला, एकदम न थापता पातळ थरांनी. सळई बरीच झिजली असेल तर शेजारी नवी जोडायची, पण ते इंजिनिअरने मोजून ठरवायचं, गवंड्याने नजरेने नाही. खाली टेकू लावल्याशिवाय कोणालाही हातोडी उचलू देऊ नका.

इंजिनिअर नाहीतरी बोलवावाच लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ प्रमाणे 30 वर्षांहून जुन्या इमारतीचं संरचना परीक्षण करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. लोक ते पुनर्विकासाची पहिली पायरी म्हणून करतात. आम्ही राहण्यासाठी केलं. अहवालात 'दुरुस्तीयोग्य' हा शब्द आला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

खिडक्या

लोखंडी सेक्शनच्या खिडक्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवणं हे या घरांचं सर्वांत मोठं नुकसान. सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी अर्धीच उघडते. बिजागरीची पूर्ण उघडते, आणि पश्चिमेचा वारा जो आत येतो त्याला दुप्पट दार मिळतं. शिवाय तिची चौकट बोटभर जाडीची. त्यामुळे काच जास्त दिसते आणि लोखंड कमी.

गंज नेहमी खालच्या आडव्या पट्टीत असतो, कारण काचेखालची लांबी सुकून फुटते आणि पाणी तिथे मुरतं. एका वर्षी एकाच खोलीच्या खिडक्या घ्या. तावदान काढा, जुनी लांबी पात्याने सोडवा (घाई केली की काच जाते, माझ्या अकरा गेल्या), पट्टी घासा, रेड ऑक्साइड मारा. नवी लांबी विकतची नको. खडूची पावडर आणि जवसाचं तेल पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळायचं. रात्रभर ठेवायचं, सकाळी पुन्हा मळायचं. लावल्यावर आठवडाभर तरी रंग देऊ नका. पट्टी अगदीच खाल्ली गेली असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा वेल्ड करणारे फॅब्रिकेटर अजून आहेत, फक्त ते "नवीनच घ्या ना" असं दोनदा म्हणतात. तिसऱ्यांदा विचारावं.

पितळी स्टे (खिडकी उघडी धरून ठेवणारे दांडे), कड्या आणि बोल्ट यांसाठी आधी बोहरी आळीत बघा. तिथे जुळणारं नाही मिळालं तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात. मी नमुन्याचा स्टे पर्समध्येच ठेवते. आणि शेजारी एखादा बंगला पाडायला काढलाय असं कळलं, तर लाज न बाळगता जाऊन विचारा. आमच्या मागच्या गल्लीतला 1961 चा बंगला गेला तेव्हा मी तिथून सोळा स्टे, दोन सागवानी दारं आणि पोतंभर मोझॅकच्या टाइल्स आणल्या. त्या घरात मी हळदीकुंकवाला जात असे. परत येताना रिक्षात मला फार बरं वाटलं नाही, हेही सांगते.

डासांच्या जाळ्या आतून, काढता येतील अशा हलक्या चौकटीवर बसवा. मूळ चौकटीत स्क्रू नको.

भिंती

चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा चकचकीत प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. आमच्या देवघराच्या भिंतीला 1998 मध्ये कोणीतरी 'वॉटरप्रूफ' रंग सुचवला आणि आम्ही ऐकलं. ती भिंत पुढे नऊ वर्षं रडत होती. शेवटी सगळं खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा आणि साधी चुन्याची सफेदी केली. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागतो. वाड्यांची नाहीतर देवळांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे विचारलं की माणूस मिळतो, आणि तो सांगेल तितके दिवस थांबावं लागतं.

पण रंग बदलण्याआधी बाहेर जाऊन जोतं बघा. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा सिमेंटचा थर असतो. साठ वर्षं आपण बागेत लाल माती, शेणखत, पालापाचोळा टाकत असतो आणि जमीन हळूहळू वर चढते. मागच्या अंगाला तर सासूबाईंनी जास्वंदीसाठी भिंतीला चिकटून ओटाच बांधून घेतला होता. तिथे माती त्या थराच्या 8 इंच वर गेली होती, म्हणजे थर असून नसल्यासारखा. दोन बिगारी आणि तीन दिवसांत भिंतीपासून दोन फुटांपर्यंतची माती उतरवली. स्वयंपाकघराची ओल पुढच्या पावसाळ्यात निम्म्यावर आली. लाख रुपयांच्या केमिकलचं कोटेशन माझ्या फाइलमध्ये तसंच आहे. जास्वंद मात्र गेली, आणि तो विषय आमच्या घरात अजून काढत नाहीत.

फरशी

आता कुठे फरशी. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराची चिप घालून घोटलेला थर, आणि तो थर जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका जाड असतो. प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं खाऊन जातं. त्यामुळे दर सणाला पॉलिश ही चैन नव्हे, नासाडी आहे. आमच्याकडे 63 सालापासून तीनदाच झालं.

अॅसिड लावायचं नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संडास धुण्याचं द्रावण, लिंबू, व्हिनेगर, यातलं काहीही पडलं की चिप खड्ड्यात जाते आणि फरशी हाताला खरखरीत लागते. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा नीट समजावून सांगा. पटलं की त्या आपल्यापेक्षा जास्त सांभाळतात. रोज कोमट पाणी, आठवड्यातून एकदा थोडा साबण, पुन्हा साधं पाणी.

पॉलिश करायचंच असेल तर दगड 60 नंबरचा की 120 चा ते स्वतः उलटून बघा. फरशी सपाट असेल तर जाड दगडाची गरजच नसते, 120 आणि 320 पुरतात. जाड दगडाने काम लवकर उरकतं, म्हणून तो आधी बाहेर निघतो.

भेग भरताना रंग जुळवणं हाच खरा त्रास. पांढरं सिमेंट, करडं सिमेंट, पिवळी माती, किंचित काजळी अशा मिश्रणांचे नमुने मी बिस्किटांच्या झाकणांत ओतले, प्रत्येकावर प्रमाण लिहिलं, आठवडाभर गोणपाटाखाली ओले ठेवले आणि घासून बघितले. ओल्यात जुळतं ते सुकल्यावर जुळत नाही. सतरावं झाकण जमलं.

वायरिंग, पटकन

इथे जुनं जपायचं नाही. रबराचं आवरण असलेल्या जुन्या वायरी आतून बिस्किटासारख्या झालेल्या असतात. सगळ्या काढा, अर्थिंग नवं करा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. वायर झाकणाऱ्या लाकडी पट्ट्या, म्हणजे केसिंग-कॅपिंग, चांगलं असेल तर नवी वायर त्यातूनच न्या, भिंती फोडाव्या लागत नाहीत. गोल काळे बेकलाइटचे स्विच फार गोड दिसतात. ते मी तोरणासारखे दोऱ्यात ओवून खिळ्याला अडकवलेत.

माणसं

ओंकार आणि सायलीला स्वयंपाकघर उघडं हवं होतं. मधली भिंत दीड विटेची, 14 इंच, आणि वरचा स्लॅब तिच्यावरच बसलेला. अशा घरांत खांब नसतात, भिंती हेच खांब. महिनाभर घरात अबोला होता. तोडगा निघाला तो अण्णांच्या फाइलमधल्या नकाशातून: त्या भिंतीत मूळचं एक ताटं सरकवायचं झरोकं होतं, 3 फूट रुंद, वर भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, असलेलं. 1975 च्या आसपास ते विटांनी बुजवून त्यावर कॅलेंडर लावलं होतं. विटा काढल्या. आता सायली पोळ्या लाटताना ईराचा अभ्यास घेते आणि मला दोघींचंही ऐकू येतं. म्हणून काहीही तोडण्याआधी नकाशा शोधा. ट्रंकेत, माळ्यावर, नाहीतर विम्याच्या कागदांखाली असतो.

बदल करायचेच असतात. सासूबाईंच्या बाथरूमला आम्ही धरायच्या दांड्या लावल्या, उंबरा काढला, घसरणार नाही अशी फरशी घातली. त्या कामात मी एक क्षणही 'मूळ कसं होतं' याचा विचार केला नाही. बाकी ठिकाणी नियम एवढाच: केलेलं उद्या काढता आलं पाहिजे. भोक पाडायचं तर सांध्यात, टाइलमध्ये नाही. नवं कपाट उभं करायचं तर भिंतीपुढे, भिंतीत नाही.

वेताच्या खुर्च्यांची बैठक सैल पडली असेल तर विणून घेण्याआधी खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं दाबून रात्रभर वाळू द्या, बऱ्याचदा पुन्हा ताणली जाते. सागवानाला स्पिरिट पॉलिश. मेलामाइनने ते सनमायकासारखं दिसायला लागतं.

आणि नणंद-दिरांशी पैशांचं बोलणं करून ठेवा. आमच्यात चार वाटे आहेत. दर गुढीपाडव्याला चौघे घराच्या खात्यात ठरलेली रक्कम टाकतात आणि मी वर्षाचा हिशेब वाचून दाखवते, बिलं जोडून. पुनर्विकासवाल्यांचे फोन चौघांनाही येतात. उत्तर काय द्यायचं ते एकत्र बसून ठरलेलं असलं की निदान फोन एकेकट्याने घ्यावा लागत नाही. 2016 मध्ये धाकट्या दिरांचं मत वेगळं होतं, आणि ते मुलीच्या शिक्षणामुळे होतं, लोभामुळे नव्हे. तेव्हा आम्ही पश्चिमेच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आणि पाच वर्षं ते भाडं त्यांना दिलं.

यंदा दिवाळीनंतर पोर्च आहे. त्या दोन तिरक्या पाइपांपैकी डावा तळाशी गंजलाय. वरून रंग चांगला आहे, पण किल्लीने ठोकलं की आवाज बदलतो. गवंड्याचं म्हणणं, पायाशी सिमेंटचा गोल चौथरा करून टाकू. इंजिनिअर बाईंचं म्हणणं, आधी पोर्चच्या स्लॅबला टेकू, मग फरशी उघडून पाइप जमिनीत किती खाली गेलाय ते बघू. अण्णांच्या नकाशात तिथे पाइपाची खोली लिहिलेली नाही, नुसतं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे. टेकूसाठी बल्ल्या सांगून ठेवल्यात. गाडी तोवर रस्त्यावर.